सिटीच्या पैशातून मानसिक आरोग्य केंद्राची दुरुस्ती: अमेरिकेतल्या सीडीबीजी अनुदानाचा नीट क्रम

अमेरिकेत मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं केंद्र चालवणाऱ्या विनानफा संस्थेची इमारत बहुधा दुसऱ्याच कामासाठी बांधलेली असते. कधी जुनी बँक, कधी बंद पडलेली शाळा. छप्पर गळतं, एसी धापा टाकतो, व्हीलचेअरला दारातच पायरी आडवी येते आणि समुपदेशनाच्या खोलीतलं बोलणं बाहेर बाकावर बसलेल्याला ऐकू जातं. छपरासाठी देणगी द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही. मग बोर्डाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'सिटीकडे मागून बघू.'

मागता येतं. फक्त सिटीच्या हातातला हा पैसा बहुतेक वेळा सिटीचा नसतो. तो येतो कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, म्हणजे सीडीबीजीतून. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं, हड, चालवतं. साधारण ५०,००० च्या वर वस्तीची शहरं आणि २,००,००० च्या वर वस्तीच्या काउंटी यांना दरवर्षी सूत्राने ठरलेला वाटा थेट मिळतो. एडिसन, फ्रीमाँट, सनीवेल ही आपल्या लोकांची भरपूर वस्ती असलेली गावंही त्यात आहेत. लहान गावांचा पैसा राज्यामार्फत किंवा काउंटीमार्फत येतो.

केंद्र सरकारचा पैसा म्हटला की त्या सरकारचे नियम आले. अर्जाची भाषा थोडी रुक्ष असली तरी चालून जातं, कामांचा क्रम चुकला तर मात्र मंजूर झालेली रक्कमही हातची जाते. म्हणून पुढचं सगळं कोणत्या गोष्टीआधी काय करायचं, याच अंगाने वाचावं.

पहिला प्रश्न: तुमचं काम बसतं का?

सीडीबीजीच्या नियमावलीत, म्हणजे २४ सीएफआर भाग ५७० मध्ये, दोन चाळण्या आहेत (सीएफआर म्हणजे केंद्र सरकारच्या नियमांचा संग्रह). एक, काम पात्र यादीत असलं पाहिजे. दोन, त्याचा फायदा ठरलेल्या लोकांना झाला पाहिजे. केंद्राची इमारत 'पब्लिक फॅसिलिटी' या सदरात येते आणि तिची खरेदी, बांधणी, दुरुस्ती पात्र असते. शहरं सामाजिक सेवांवर या अनुदानातला साधारण १५ टक्केच भाग खर्च करू शकतात, पण इमारतीच्या दुरुस्तीला ती मर्यादा लागू नाही. समुपदेशकाच्या पगारासाठी मागितलंत तर तुम्ही फूड पँट्री, पाळणाघर, ज्येष्ठांचे डबे या सगळ्यांशी त्या १५ टक्क्यांत स्पर्धा करता. छपरासाठी मागितलंत तर वेगळ्या आणि बऱ्याचदा कमी गर्दीच्या रांगेत उभे राहता.

काय बसत नाही तेही आधीच बाजूला काढा. सुटं फर्निचर, संगणक, गाडी हे सर्वसाधारणपणे नाही. इमारतीला कायमचं जोडलेलं, तिचाच भाग असलेलं चालतं: भिंतीत बसवलेलं कपाट हो, चाकांचं कपाट नाही. नुसती रंगरंगोटी किंवा कार्पेट धुणं ही देखभाल, तीही नाही. पण भिंती पाडून नव्या बांधल्या आणि त्यावर रंग दिला, तर तो रंग दुरुस्तीचा भाग. वरचा अख्खा मजला संस्थेच्या प्रशासकीय कचेरीचा असेल तर त्याचा खर्च नकाशावरच वेगळा दाखवा आणि दुसऱ्या पैशातून करा. इमारत संस्थेच्या मालकीची असेल तर ती कामाच्या सर्व नेहमीच्या वेळांत लोकांना खुली हवी. फी घेता येते, पण गरीब माणूस दारातूनच परत जाईल इतकी नाही. उत्पन्नानुसार कमी होणाऱ्या फीचा तक्ता अर्जाला जोडलात की हा प्रश्न पुन्हा निघत नाही.

दुसऱ्या चाळणीवर जास्त अर्ज अडकतात. केंद्रासाठी सोयीचा मार्ग 'लिमिटेड क्लायंटेल' हा: सेवा घेणाऱ्यांपैकी किमान ५१ टक्के लोक कमी किंवा मध्यम उत्पन्न गटातले, म्हणजे त्या भागाच्या मध्यक (मीडियन) कौटुंबिक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. बेघर माणसं, मारहाण झालेले जोडीदार, अत्याचार झालेली मुलं, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, ज्येष्ठ अशा काही गटांना नियमच कमी उत्पन्नाचे धरतो. पण 'आमच्याकडे येणारे सगळे मानसिक रुग्ण, म्हणजे अपंगच' असं लिहून मोकळं होऊ नका. नैराश्यावर उपचार घेणारा बँकेतला मॅनेजर गंभीर अपंगाच्या व्याख्येत बसत नाही. अशा मिश्र केंद्राने उत्पन्न मोजून दाखवणं हाच खात्रीचा मार्ग.

आता ते मोजायचं कसं? व्यसनमुक्तीच्या नोंदींना हिपा या नेहमीच्या आरोग्य-गोपनीयता कायद्याखेरीज ४२ सीएफआर भाग २ चं जास्तीचं कवच आहे. अमुक माणूस तुमच्याकडे येतो, एवढं सांगणंसुद्धा उघड करणं ठरू शकतं. आणि सिटीचा तपासनीस तर फाइल बघायला येणारच. त्यासाठी घडी आधीच बसवावी. नोंदणीच्या वेळी एका पानाचा स्वघोषणा फॉर्म घ्या. त्यात घरातली माणसं, त्या संख्येसाठी त्या वर्षीच्या उत्पन्नमर्यादेचे कप्पे, आपला कप्पा कोणता त्याची खूण आणि सही. वर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. सहीचा मूळ कागद वैद्यकीय नोंदीत राहील, तपासणीसाठी फक्त क्रमांक आणि कप्पा असलेली यादी जाईल. कमी उत्पन्नाच्या अटीवर मिळणाऱ्या दुसऱ्या योजनेत माणूस आधीच पात्र असेल आणि त्या योजनेची अट इथल्याइतकीच किंवा इथल्याहून कडक असेल, तर तो पुरावाही नियमाला चालतो. मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, लाभार्थी जास्त असतील तर काम बरंच हलकं होतं. मात्र कोणता पुरावा चालेल आणि तपासनीस नावं झाकलेल्या प्रती पाहील की मूळ कागद मागेल, हे सिटीच्या प्रोग्राम मॅनेजरकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं 'चालेल हो' तीन वर्षांनी कुणाला आठवत नाही, शिवाय तोवर तो माणूसही बदललेला असतो.

वर्षाचं चक्र

बऱ्याच शहरांचं कार्यक्रम वर्ष १ जुलैला सुरू होतं, काहींचं १ ऑक्टोबरला. जुलैवाल्या शहरात अर्जाची सूचना साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत निघते, हिवाळ्याच्या शेवटी सल्लागार समिती गुण देते, वसंतात वार्षिक कृती आराखड्याचा मसुदा ३० दिवस लोकांच्या हरकती-सूचनांसाठी ठेवला जातो आणि सिटी काउन्सिलचं मतदान होतं. आराखडा कार्यक्रम वर्ष सुरू होण्याच्या किमान ४५ दिवस आधी हडकडे जायचा असतो. वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प रखडला की हे सगळं पुढे सरकतं. अर्ज भरल्यापासून पहिला हातोडा पडेपर्यंत एक ते दीड वर्ष धरा. गळकं छप्पर तितकं थांबणार नसेल तर त्याला हा पैसा नव्हे, तातडीची दुसरी सोय लागते.

सूचना निघण्याच्या आधी सिटीची पाच वर्षांची एकत्रित योजना, कन्सॉलिडेटेड प्लॅन, उघडून बघा. मानसिक आरोग्य किंवा 'विशेष गरजा असलेले लोक' हे तिथे प्राधान्यात आहे का? असेल तर तेच शब्द अर्जात वापरा. नसेल तर पुढची योजना कधी लिहिली जाणार ते विचारा आणि तिच्या जाहीर सुनावणीला जाऊन बोला. बहुधा तीन मिनिटं मिळतात, ती पुरतात.

सिटीच्या कर्मचाऱ्यांची एक अडचण माहीत असली की अर्ज कसा लिहायचा ते कळतं. कार्यक्रम वर्ष संपायच्या ६० दिवस आधी हड शहराच्या खात्यात डोकावतं. न वापरलेली रक्कम वार्षिक वाट्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर शहराला जाब द्यावा लागतो. त्यामुळे त्यांना पैसा लवकर खर्च करणारी कामं हवी असतात. इमारत कुणाच्या नावावर आहे, नकाशे कितपत तयार आहेत, उरलेला पैसा हातात आहे की नुसती आश्वासनं आहेत, या तीन गोष्टी समिती आधी बघते. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार निदान पैशाच्या अटींच्या मुदतीपुरता तरी लांब हवा आणि घरमालकाची लेखी संमती अर्जासोबतच जोडलेली बरी.

अंदाजपत्रक: आकडे कुठे फसतात

समजा ६,००० चौरस फुटांचं १९६० च्या दशकातलं एकमजली केंद्र आहे. वास्तुविशारदाकडून निदान प्राथमिक नकाशे आणि त्यावर आधारलेला अंदाज घ्या. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने पाकिटाच्या मागे लिहून दिलेल्या आकड्यावर अर्ज करू नका, कारण तो आकडा खासगी कामाच्या मजुरीचा असतो. इथे मजुरीचा दर सरकारी असेल, कागदपत्रांना माणूस लागेल, आणि बिडं, म्हणजे निविदा, वर्षा-दीड वर्षाने उघडतील. अंदाजात बिड उघडण्याच्या महिन्यापर्यंतची दरवाढ वेगळी ओळ करून लिहा. जुन्या इमारतीत अनपेक्षित खर्चासाठी १५ टक्क्यांहून कमी ठेवणं धाडसाचं. वास्तुविशारद, परवाने, तपासण्या यांना बांधकामाच्या १० ते १५ टक्के.

दोन ओळी हमखास सुटतात. एक म्हणजे वाट: अपंग हक्क कायद्यानुसार मुख्य वापराच्या जागेत बदल केलात तर तिथपर्यंतची वाट, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी हेही व्हीलचेअरला सुगम करावं लागतं. त्या जास्तीच्या खर्चाला मूळ बदलाच्या खर्चाच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. पण केंद्र सरकारचा पैसा घेतला की सेक्शन ५०४, म्हणजे तो पैसा घेणाऱ्यांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं कलम, हेही लागू होतं, तेव्हा मर्यादेच्या आड लपण्यापेक्षा रॅम्प आणि स्वच्छतागृह आराखड्यातच घ्यावं. दुसरी ओळ ॲस्बेस्टॉसची. तोडफोडीआधी त्याची पाहणी केंद्र सरकारच्या नियमाने लागते. कार्पेटच्या खाली ९ बाय ९ इंचांच्या फरश्या आणि त्याखाली काळा डिंक दिसला तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून नमुना तपासायला द्या. ही पाहणी अर्जाआधी स्वतःच्या पैशाने करून घेणं परवडतं. भिंती उघडल्यावर सापडलं तर काम थांबतं आणि थांबलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं मीटर चालूच राहतं.

केंद्राला खरोखर काय लागतं

साधं ऑफिस आणि हे केंद्र यातला फरक नकाशात दिसला पाहिजे. सर्वात आधी आवाज. समुपदेशन खोल्यांच्या भिंती बऱ्याच ठिकाणी खोट्या छतापाशी थांबतात आणि आवाज त्या छताच्या वरून शेजारच्या खोलीत जातो. भिंत वरच्या स्लॅबपर्यंत किंवा छपराच्या पत्र्यापर्यंत न्यायची, आत लोकर भरायची, कडांना ध्वनिरोधक सीलंट लावायचं. दार भरीव आणि खाली सील. दोन खोल्यांचे विजेचे डबे पाठीला पाठ लावून एकाच पोकळीत बसवायचे नाहीत. हवेच्या नळ्याही आवाज वाहून नेतात: परतीच्या हवेची जाळी नुसती छतात उघडी सोडली तर भिंतीवर केलेला सगळा खर्च वाया. नळीला आतून अस्तर आणि एक वळण द्यावं लागतं. या गोष्टी भिंती उघड्या असताना स्वस्त असतात, नंतर करायच्या तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. म्हणून पैसे कमी पडले तर लॉबीची फरशी कापा, ध्वनीच्या ओळीला हात लावू नका.

दुसरं, स्वतःला इजा करता येणार नाही अशी रचना. ती सगळीकडे लागत नाही, आणि सगळीकडे लावली तर केंद्र तुरुंगासारखं दिसतं. जिथे माणूस एकटा राहू शकतो तिथे ती हवी: संकटकाळी थांबवण्याची खोली, रुग्णांचं स्वच्छतागृह. दोरी किंवा कपडा अडकणार नाही अशी उतरती मूठ, अखंड बिजागरी, खालची फट बंद केलेला आधारदांडा, झाकलेले पाइप, सुट्या पाट्या उचलता येणार नाहीत असं भरीव छत, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने न निघणारे स्क्रू, फुटून धारदार तुकडे होणार नाहीत अशी काच. दार आत उघडणारं असेल तर आतून माणूस टेकून बसला की कर्मचाऱ्याला शिरता येत नाही. ते बाहेर उघडता आलं पाहिजे. असं खास हार्डवेअर यायला बरेच आठवडे लागू शकतात, तेव्हा त्याची तारीख कामाच्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी लिहा.

रात्रीचे बेड घालण्याचा मोह आवरा, किंवा आधीच पूर्ण विचार करा. दिवसाच्या केंद्रात माणसं झोपायला लागली की इमारत नियमावलीतला वापराचा वर्ग बदलतो, स्प्रिंकलर आणि आगीच्या अलार्मचा खर्च येतो, राज्याचा परवाना वेगळा होतो, झोनिंगची परवानगी पुन्हा लागू शकते आणि पुढच्या भागात येणारी पर्यावरण तपासणीही वरच्या पायरीची होते.

क्रम चुकतो तो इथे

काउन्सिलने मत दिलं, अभिनंदनाचं पत्र आलं. आता काहीही करू नका. म्हणजे शब्दशः काही नाही. २४ सीएफआर भाग ५८ नुसार पर्यावरण तपासणी पूर्ण होऊन सिटीची लेखी मोकळीक येईपर्यंत 'पर्याय मर्यादित करणारी' कुठलीही कृती चालत नाही. इमारत विकत घेणं, बांधकामाचा करार सही करणं, पाडकाम, दुरुस्ती, सगळं त्यात आलं. आणि ही बंदी फक्त सीडीबीजीच्या पैशाला नाही. त्याच प्रकल्पात तुम्ही स्वतःच्या देणगीच्या पैशातून आधीच छप्पर काढायला घेतलंत, तरी पूर्ण प्रकल्प अपात्र ठरू शकतो. 'तोवर आपल्या पैशाने निदान आतलं पाडून घेऊ, वेळ वाचेल' हे वाक्य बोर्डात हमखास येतं. ते इतिवृत्तातही येऊ देऊ नका. सावधगिरी म्हणून हा नियम अर्ज दिल्या दिवसापासूनच पाळायचा.

मग त्या काळात काय करता येतं? नकाशे, अभियांत्रिकी, ॲस्बेस्टॉसची पाहणी, जमिनीची मोजणी. अभ्यास चालतो, हातोडा चालत नाही.

तपासणी सिटी करते, पण माहिती तुम्ही पुरवायची. असलेल्या इमारतीची दुरुस्ती असेल, वापर तोच राहणार असेल आणि आकार किंवा क्षमता २० टक्क्यांहून जास्त बदलणार नसेल तर हलकी तपासणी पुरते. इमारत ५० वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाकडे जाते, त्यांना ३० दिवस असतात. खिडक्या आणि दर्शनी भागाचे फोटो स्वच्छ काढून द्या, कारण त्यांचे प्रश्न बहुधा तिथेच अडतात. विशेष पूरक्षेत्रात इमारत असेल तर पूर विमा बंधनकारक, आणि त्याचा हप्ता चालू खर्चात धरावा लागतो. तपासणीत काही निघालं तर सिटी नोटीस छापते, हरकतींसाठी आठवडाभर, नंतर हडकडे आणखी १५ दिवस. हडची परवानगी आली आणि सिटीने काम सुरू करायला लेखी सांगितलं की मगच बिडं.

सिटीशी होणारा सबरेसिपियंट करार, म्हणजे सिटीमार्फत अनुदान घेणाऱ्या संस्थेचा करार, या दरम्यान येतो. त्याआधी संस्थेचा यूईआय, म्हणजे केंद्र सरकारचा ओळख क्रमांक, हवा. बरीच शहरं सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरची चालू नोंदणीही मागतात, ती दरवर्षी नव्याने करावी लागते. करारापूर्वी केलेला खर्च परत मिळेल असं धरू नका, आणि कराराची तारीख बघितल्याशिवाय वास्तुविशारदाचं बिल जोडू नका.

बिड आणि 'आपला माणूस'

खरेदीचे नियम २ सीएफआर भाग २०० चे. बांधकामाला जाहीर सीलबंद बिडं, सर्वांना एकच कागद, उघडायची वेळ ठरलेली, आणि अटी पुऱ्या करणाऱ्या सर्वात कमी बिडाला काम. खर्चावर टक्का अशा पद्धतीचा करार केंद्र सरकारच्या पैशात बंद आहे. वास्तुविशारद मात्र पात्रतेवर निवडता येतो, किंमत नंतर ठरवायची. मोठ्या बांधकामाच्या करारांना बिडासोबत ५ टक्क्यांची हमी आणि काम मिळाल्यावर १०० टक्क्यांचे दोन बाँड लागतात, एक काम पुरं करण्याचा, दुसरा मजूर आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे देण्याचा. नेमका कितीपासून ते सिटीला विचारा.

आपल्याकडे संस्थेचं काम निघालं की कुणीतरी ओळखीचा पुढे येतो: 'आपलाच माणूस आहे, कमीत करून देईल.' गावच्या शाळेच्या वर्गखोलीला हे चालून जात असेल. इथे बोर्डावरच्या सदस्याच्या मेहुण्याच्या कंपनीला काम गेलं तर हितसंबंधाचा भंग होतो आणि सगळे पैसे परत मागितले जाऊ शकतात. तो सदस्य मतदानाला गैरहजर होता, एवढ्याने भागत नाही. अशा कंपनीने बिडच भरू नये, आणि शंका असेल तर आधी सिटीला लेखी कळवा.

मजुरीचे दर: आठवड्याचा फॉर्म

२,००० डॉलरच्या वरच्या बांधकाम करारात सीडीबीजीचा पैसा शिरला की १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो. कामगारांना त्या काउंटीसाठी, त्या कामासाठी ठरलेला दर आणि भत्ते द्यावे लागतात. पैसा करारात थोडा असला तरी अख्खा करार त्याखाली येतो. चार लाखांच्या करारात सीडीबीजीचे फक्त ४०,००० असतील तरी प्रत्येक प्लंबरला सरकारी दर. अगदीच लहान रक्कम मिळणार असेल तर ती घ्यावी का, हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. कधी कधी उत्तर 'नको' असं येतं.

दराचा तक्ता बिडाच्या कागदांत घालायचा आणि बिड उघडायच्या १० दिवस आधी नवा निघाला आहे का ते बघायचं. केंद्राला 'बिल्डिंग' तक्ता लागतो, 'रेसिडेन्शियल' नाही. दर आठवड्याला प्रत्येक कंत्राटदार आणि उपकंत्राटदार पगारपत्रक देतो, डब्ल्यूएच-३४७ या फॉर्मवर, दुसऱ्या पानावर सही करून. ठरावीक चुका अशा: ज्या आठवड्यात काम झालं नाही त्याचं पत्रक येत नाही, आणि मग क्रमांक जुळत नाहीत. वायर ओढणाऱ्या माणसाला 'मजूर' म्हणून दर लावलेला असतो, इलेक्ट्रिशियनचा नाही. भत्ते रोख दिले की विम्यात, ते लिहिलेलं नसतं. रंगाऱ्याचा उपकंत्राटदार तिसऱ्या पातळीवरचा असल्याने कुणाच्या लक्षातच येत नाही. सिटीचा माणूस साइटवर येऊन कामगारांशी बोलतो आणि ते उत्तर पत्रकाशी ताडून बघतो. फरक निघाला तर थकबाकी भरेपर्यंत पैसे अडतात. म्हणून पत्रकं महिन्याच्या शेवटी गोळा न करता दर सोमवारी बघणारा एक माणूस नेमा, आणि आधीच्या सगळ्या आठवड्यांची पत्रकं आल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल पुढे पाठवायचं नाही, ही अट करारात घाला.

प्रकल्पाला हडचा पैसा २,००,००० डॉलरच्या वर असेल तर सेक्शन ३ लागू: एकूण कामाच्या तासांपैकी २५ टक्के कमी उत्पन्न गटातल्या कामगारांनी आणि त्यात ५ टक्के ठरावीक लक्ष्यगटातल्या कामगारांनी करावेत, असं उद्दिष्ट. तास पहिल्या दिवसापासून मोजा. २०२१ च्या कायद्याने लोखंड-पोलाद, बांधकामाचं साहित्य आणि तयार वस्तू अमेरिकेत बनलेल्या हव्यात अशीही अट आहे, लहान प्रकल्पांना सूट आहे. वर सांगितलेल्या खास मुठी आणि बिजागऱ्यांबाबत पुरवठादाराचं पत्र ऑर्डर देण्याआधीच मागा.

पैसा हातात येतो तेव्हा

बहुतेक शहरं आगाऊ देत नाहीत. तुम्ही कंत्राटदाराला द्यायचं, पुरावा जोडायचा, मग सिटी परत देते. कागद पूर्ण असले तरी ३० ते ६० दिवस जातात. म्हणजे दोन महिन्यांचं बांधकाम खिशातून चालवायची ताकद हवी. बँकेकडून क्रेडिट लाइन काम सुरू व्हायच्या आधी घ्या, अडचण आल्यावर बँक हात आखडता घेते. प्रत्येक बिलासोबत वास्तुविशारदाची सही, पगारपत्रकं, लीन वेव्हर (इमारतीवर थकबाकीचा दावा सोडल्याचा कंत्राटदाराचा कागद) आणि दिलेल्या चेकची प्रत, याच क्रमाने. कंत्राटदाराच्या बिलातले ५ ते १० टक्के रोखून ठेवा, आणि ते केवळ शेवटच्या तपासणीनंतर सोडा.

फर्निचर, संगणक, कर्मचारी हे जे सीडीबीजीत बसत नाही, त्यासाठी ओपिओइड, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामक औषधांच्या, खटल्यांतल्या तडजोडीचा पैसा हा चांगला जोडीदार ठरतो. औषध कंपन्या आणि वितरकांशी झालेल्या तडजोडींतून राज्यांना आणि बऱ्याच शहरांना तो मिळतो आहे, आणि उपचारांवर खर्च करायला तो बऱ्यापैकी मोकळा आहे. सिटीत त्याची समिती बहुधा वेगळी असते.

संस्थेने एका आर्थिक वर्षात सर्व मार्गांनी मिळून केंद्र सरकारचे १० लाख डॉलर किंवा जास्त खर्च केले तर सिंगल ऑडिट, म्हणजे त्या सगळ्या पैशाचं एकत्रित ऑडिट, लागतं. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांना हा आकडा लागू आहे, आधी तो ७,५०,००० होता. ऑडिटचा खर्च बजेटमध्ये लिहा.

काम संपल्यावरची बांधीलकी

२५,००० डॉलरच्या वर सीडीबीजीचा पैसा इमारतीत गेला की करार संपल्यापासून निदान ५ वर्षं ती ठरलेल्या कामासाठीच वापरावी लागते. बरीच शहरं जास्त मुदत घालतात आणि मालमत्तेवर तसा बोजा नोंदवतात. इमारतीवर आधीचं गहाण असेल तर बँकेला हे करारावर सही करण्याआधी कळवा. या मुदतीत वर्षाला किती लोकांनी सेवा घेतली, त्यांचं उत्पन्न, वंश आणि वांशिकता याचा अहवाल जातो. तोच सांकेतिक क्रमांकाचा फॉर्म इथे उपयोगी पडतो.

मुदतीत केंद्र दुसरीकडे हलवायची वेळ आली तर इमारत विकण्याआधी सिटीशी बोला. वापर बदलला तर सिटीला मूळ अनुदान नव्हे, त्या वेळच्या बाजारभावातला सीडीबीजीच्या वाट्याएवढा भाग परत करावा लागतो. भाव चढलेल्या गल्लीत तो मिळालेल्या रकमेहून मोठा निघू शकतो.